पोळपाटावरचा सूर्य

समोरच्या गच्चीवर माकडटोप्या दिसायला लागल्या की कलकत्त्यात थंडी आली असं समजायचं. पुण्याच्या माणसाला हसू यावं अशी ही थंडी. पंखा बंद करायचा, अंगावर चादर ओढायची, संपलं. पण इथली माणसं तिला फार मान देतात. घरमालकीणबाईंनी काल मला जिन्यातच अडवलं आणि सकाळी उघड्या डोक्याने बाहेर पडू नका, हिम पडतंय, असं बजावलं. हिम म्हणजे साधं दव. मी बरं म्हटलं, वर आलो, टोपी शोधायला दारामागची पिशवी ओढली, तर टोपीच्या आधी हाताला ट्रायपॉडचा थंडगार पाय लागला.

मग आत हात घातलाच. सुतळीने बांधलेला तो पाय, पायजम्याचं इलॅस्टिक, तारेच्या कडीत बसवलेला स्टीलचा पेला, आणि तळाशी गोल, जड असा पोळपाट. त्याच्या बरोब्बर मधोमध एक भोक. तीन हिवाळे मी ही पिशवी उघडली नव्हती. आणि ही तीनही वर्षं रोज संध्याकाळी फोनवर मी बायकोला सांगत आलोय, की हो, काढतोय ना चित्रं.

मी पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत खरेदी विभाग सांभाळतो. पाच वर्षांपूर्वी इकडे बदली झाली तेव्हा दोन वर्षांचाच प्रश्न आहे असं साहेब म्हणाले, आणि घरी येऊन मीही तेच म्हणालो. सुनीताची शाळेतली नोकरी, मुलीची बारावी, माझ्या आईचं वय, सगळं पुण्यात ठेवून मी बागबाजारात दोन खोल्यांत येऊन राहिलो. मी मराठी आहे हे कळल्यावर घरमालकीणबाई खूप हसल्या. तुमच्या बर्गींच्या, म्हणजे मराठी घोडेस्वारांच्या, भीतीने आमच्या लोकांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता, आणि आता बघा, मी स्वतः तुम्हाला वरचा मजला देतेय, म्हणाल्या. अजूनही पाहुणे आले की माझी ओळख तशीच करून देतात. मी आपला हात जोडून हसतो. ज्याला धड एक पोळी लाटता येत नाही, त्याच्या पूर्वजांना घाबरून कुणी खंदक खणला असेल हे माझं मलाच खरं वाटत नाही.

पोळीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. निघताना सुनीताने माझ्या सामानात तवा घातला, लाटणं घातलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून तिचा स्वतःचा पोळपाट घातला. लग्नानंतर घेतलेला, बावीस वर्षं रोज वापरलेला. मी म्हटलं, अगं मला नवा घेऊन दे, हा तुला लागेल. तर म्हणाली, नव्यावर तुम्हाला जमणार नाही, पीठ चिकटेल, हा मुरलाय. दोन रविवार तिने मला समोर उभं करून घडीची पोळी शिकवली. तेल लावायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं. तेलाचं बोट ती पोळपाटाच्या कडेलाच पुसायची, नेहमी एकाच जागी.

इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात मी चारदा पोळ्या केल्या. पाचव्या दिवशी ऑफिसातून यायला उशीर झाला आणि कोपऱ्यावर एक बाई गरम रुट्या भाजून विकतात, तिथून तीन घेतल्या. त्या दिवशी आईचं जेवण उरकल्यावर सुनीताचा नेहमीसारखा फोन आला. केल्यात का पोळ्या? मी म्हटलं, केल्या. का म्हटलं कोण जाणे. बहुतेक तिला बरं वाटावं म्हणून. मग ती रोज विचारायची आणि मी रोज केल्या म्हणायचो. किती? तीन. मऊ झाल्या? मधून मधून खरं वाटावं म्हणून एखादी करपवायचो. दीड वर्ष मी अशा फोनवर पोळ्या लाटल्या, आणि पोळपाट पहिले काही महिने फळीवर धूळ खात पडला.

एकटेपणा हा काही फार मोठा प्रकार नसतो. तो बारीकसारीक असतो. एकट्यासाठी कुकर लावायचा तर भांड्यात अर्धी वाटी तांदूळ, वरचं भांडं रिकामं. दाराशी चपलांचा एकच जोड. मराठी शब्द तोंडातून निघायचा तो फक्त संध्याकाळी फोनवर, तोही खोटा. पहिल्या हिवाळ्यात रविवारी सकाळी मी गंगेच्या घाटावर जाऊन बसायला लागलो. रेल्वेचा रूळ ओलांडला की घाट. तिथे बसलो की दर दहा मिनिटांनी कुणीतरी विचारायचं, शरीर बरं आहे ना? घाटावर रिकामा बसलेला एकटा माणूस लोकांच्या डोळ्यांत खुपतो, त्यांना वाटतं ह्याचं काहीतरी बिनसलंय.

तिथेच मला बिमलदा दिसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, कलकत्त्याबाहेरच्या बजबज गावातल्या एका ज्यूट मिलमध्ये ड्रॉइंग ऑफिसात आयुष्य काढलेला. त्यांच्यापुढे एक विचित्र घडवंची उभी होती. तीन मोडक्या छत्र्यांच्या दांड्या वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबने आवळलेल्या, त्यावर पाटीएवढा पुठ्ठा, आणि मधोमध लोंबकळणाऱ्या बाजाराच्या थैलीत अर्धी वीट. नदीवरून वारा आला तरी ती विटेमुळे जागची हलत नव्हती. घाटावरचं कुणीही बिमलदांना शरीर बरं आहे का विचारत नव्हतं. त्यांना काम होतं. माणूस तोच, एकटेपणाही तोच, पण पुढे तीन पाय उभे केले की लोक माणसाला सोडून चित्राकडे बघतात. मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी तिथेच ठरवलं, आपणही असंच काहीतरी करायचं.

शाळेत मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेल्या. हात अगदीच परका नव्हता. मुलीच्या गॅदरिंगच्या फोटोंसाठी घेतलेला जुना ट्रायपॉड का कुणास ठाऊक माझ्या सामानात आला होता. ट्रायपॉडला वर पाव इंची स्क्रू असतो, म्हणजे पाव इंची नट बसवलेली कुठलीही फळी त्यावर घट्ट बसते, हे बिमलदांनी माझ्या तळहातावर पेन्सिलीने काढून दाखवलं. बाकी त्यांचं एकच तत्त्व होतं. घडवंची अशी असावी की ती चोरावीशी कुणाला वाटू नये आणि मोडली तर आपल्याला रडू येऊ नये.

प्लायवूड आणता आलं असतं. दोन गल्ल्या सोडून दुकान आहे. पण शनिवारची संध्याकाळ होती, दुकान बंद झालेलं, आणि मला दुसऱ्याच दिवशी घाटावर बसायचं होतं. घरात लाकडाची सपाट वस्तू एकच होती. घरमालकीणबाईंच्या दिवंगत यजमानांचा हाताने फिरवायचा ड्रिल मागून आणला आणि पोळपाट उलटा मांडीवर घेतला. भोक अर्ध्यावर थांबवायचं ठरवलं होतं. लाकूड इतकं मुरलेलं होतं की ड्रिल सरकन आरपार गेला. मी भुसा फुंकून भोकावर बोट फिरवलं. पण नट बसवला, चिकटवला, ट्रायपॉडवर फिरवून घट्ट केला, आणि खोलीच्या मधोमध ती तीन पायांची घडवंची उभी राहिली तेव्हा मला अपराधी वाटण्याऐवजी आनंदच झाला. घरात कुणीतरी दुसरं उभं आहे असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी घाटावर धुकं होतं. पलीकडचा हावडा दिसत नव्हता, फक्त एका लाँचचा भोंगा ऐकू येत होता. पोळपाटावर इलॅस्टिकने कागद ताणून बसवला, पेल्यात नदीचंच पाणी घेतलं आणि करडा रंग कागदभर सोडला. एका जागी रंग थांबेना. पुन्हा दिला, पुन्हा सरकला. जरा ऊन लागल्यावर कळलं की ओल्या कागदाने लाकडातलं तेल वर ओढून घेतलं होतं. बावीस वर्षांचं, सुनीताच्या बोटाचं तेल. कागदावर एक गोल, फिकट, पिवळसर डाग उमटला. मी कपाळावर हात मारला. पण बिमलदा उठून आले, चष्मा वर करून बघत राहिले आणि धुक्यातला हा सूर्य कसा काढलात, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मी त्यांना सांगितलं नाही. पुढे तर मी त्या डागाचा वापरच करायला लागलो. पोळपाट गोल, स्क्रूवर फिरणारा. कागद लावायच्या आधी पोळपाट जरासा फिरवला की सूर्य हवा तिथे नेता यायचा. कधी चिमणीच्या डोक्यावर, कधी पाण्याच्या रेषेपाशी. तो हिवाळा आणि पुढचा अर्धा हिवाळा मी तीन वह्या भरल्या. संत्र्याच्या साली, ओल्या झेंडूचा वास, रुळांवरून जाणाऱ्या गाडीने पेल्यातल्या पाण्यावर उठणारे कंप, बिमलदांचं नाकातल्या नाकात गुणगुणणं. एक रविवार आम्ही बराकपूरच्या घाटावर गेलो आणि तिथे एका निवृत्त फौजीने माझा पोळपाट ओळखला. हे तर चपात्यांचं आहे, म्हणाला. मी शेपूट घालून हो म्हटलं. संध्याकाळी सुनीताने विचारलं, केल्यात का पोळ्या? केल्या, मी म्हटलं, तीन.

दुसऱ्या हिवाळ्यात, नाताळच्या सुट्टीत, सुनीता आठ दिवसांसाठी आली. आईपाशी माझी बहीण राहिली होती. सकाळी मी दूध आणि खजुराचा ताजा गूळ आणायला खाली गेलो. हा गूळ इथे फक्त थंडीतच मिळतो. त्याचा वास घेऊनच तिने आदल्या दिवशी ठरवलं होतं, की संक्रांतीला काही मी इथे नसेन, गूळपोळ्या आत्ताच करते. हे ऐकताना माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. वर आलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, मांडीवर उलटा पोळपाट, आणि तिचं बोट नटाच्या भोकात. शेजारी ट्रायपॉड आडवा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मग पोळ्या कशावर करत होता?"

कोपऱ्यावरच्या बाई, रुट्या, सगळं सांगावंच लागलं. करपलेल्या पोळीचंही सांगितलं. त्यावर तिला जरा हसू आलं, पण ते टिकलं नाही. एकटं वाटत होतं तर तसं म्हणायचं, पोळ्यांची थाप कशाला, असं ती खालमानेने म्हणाली. मग चित्रं बघू म्हणाली. मी एकच वही पुढे केली. बाकीच्या दोन गादीखाली होत्या, त्या दाखवायला धीर झाला नाही. इतकी चित्रं म्हणजे इतके रविवार, तिला मोजता आले असते. तिने एकेक पान उलटलं आणि प्रत्येक सूर्यावर बोट ठेवून हे काय असं विचारलं. मी सांगितलं, तुझं तेल. ती बराच वेळ ते पान बघत बसली.

गूळपोळी त्या पोळपाटावर झाली नाही. पीठ भोकात दाबलं जायचं आणि पोळी तिथेच फुटायची. तिने स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर लाटल्या, आम्ही तूप घालून खाल्ल्या, घरमालकीणबाईंना चार दिल्या. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर ओट्यावर एक नवीकोरी छोटी चकी होती, म्हणजे लुच्या, इथल्या मैद्याच्या पुऱ्या, लाटायचा पोळपाट. आणि जुना पोळपाट गॅलरीत वाळत ठेवलेला. खायचा सोडा, लिंबू, उकळतं पाणी, तिने दुपारभर घासला होता. लाकूड पांढरं पडलं होतं. "आता कागद खराब नाही व्हायचे," ती म्हणाली. "हा तुमचा. पोळ्या नव्यावर करा, नाही केल्या तरी चालेल. पण चित्रं काढा."

मला त्या डागासाठी रडू येत होतं आणि ती इतक्या मायेने हात लाल करून बसली होती. मी छान झालाय म्हटलं.

ती गेली त्यानंतरच्या रविवारी मी घाटावर गेलो. कागद लावला, रंग सोडला, रंग सगळीकडे सारखा बसला. कुठेही अडला नाही. धुकं होतं, पाणी होतं, सूर्य नव्हता. काढता आला असता, पिवळा रंग होताच. पण मी ब्रश धुतला आणि घरी आलो. संध्याकाळी फोनवर प्रश्न बदललेला होता. आज चित्र काढलंत का? मी म्हटलं, काढलं.

तेव्हापासून ती पोळ्यांचं विचारत नाही, चित्राचं विचारते. आधी मी जे चोरून करत होतो ते आता रोज हजेरीसारखं झालं, आणि माझं मन उडालं. निदान मी स्वतःची समजूत तशी घातली. खरं कारण वेगळं होतं. ती चित्रं मी कधीच एकटा काढत नव्हतो, आणि हे मला पोळपाट घासला गेल्यावर कळलं. महिन्या-दोन महिन्यांनी गादीखालच्या वह्यांतलं एखादं पान फोटो काढून तिला पाठवायचं, एवढंच काय ते उरलं. छान आहे, ती लिहायची. मी पुण्याला जायचो तेव्हा हा विषय निघायचा नाही. आई पडल्यापासून तिला उठवणं-बसवणं, औषधं, ह्यातच दिवस जायचे. सुनीता पुन्हा कलकत्त्याला आली नाही. दोन वर्षांची पाच झाली. मुलगी बंगळूरला नोकरीला लागली. बिमलदांना मोतीबिंदूनंतर त्यांची लेक बराकपूरला घेऊन गेली. जाताना छत्रीच्या दांड्या ते मला देत होते, मी घेतल्या नाहीत.

आज रविवार. पिशवी हातात आलीच होती म्हणून सकाळी टोपी घालून घाटावर गेलो. ट्रायपॉड उभा केला, मध्ये बिमलदांसारखीच विटेची थैली टांगली, पोळपाट फिरवून घट्ट केला. सवयीने तो जरासा डावीकडे वळवला आणि मग आठवलं की आता कुठेही वळवला तरी सारखंच. नदीवर तसंच धुकं होतं. शेजारी अंघोळ करून वर आलेल्या एका म्हाताऱ्याने कोऱ्या कागदाकडे बघितलं आणि न बोलता निघून गेला. अर्धा तास मी बसलो. ब्रश ओला केला, वाळू दिला, पुन्हा ओला केला. संध्याकाळी ती विचारणार आणि मी काढलं म्हणणार, हे मला लख्ख दिसत होतं, आणि पहिल्यांदाच त्याची शिसारी आली. मी फोन काढला. आमच्यात सकाळचा फोन म्हणजे काहीतरी वाईट बातमी.

"अहो, काय झालं?" तिने घाबरूनच उचलला.

काही नाही म्हटलं. चित्र काढायला बसलोय. मग काढा की, ती म्हणाली. मी म्हटलं, "सुनीता, तीन वर्षं मी एकही चित्र काढलेलं नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही पाठवता त्या सगळ्या चित्रांत तो तेलाचा सूर्य असतो. पोळपाट तर मी घासून दिला होता."

तीन वर्षं ती छान आहे, छान आहे असं लिहीत होती.

"मग रोज विचारत का होतीस?"

"न विचारून काय करू?" ती म्हणाली. "दोन प्रश्न संपले की तुम्ही फोन ठेवता. मला एकटीला करमतं असं वाटतं का तुम्हाला?"

लाँच धक्क्याला लागली, माणसं उतरली, पायऱ्या चढून रूळ ओलांडून गेली. पाच वर्षांत मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. काय विचारायचं ते मला आत्ताही नीट सुचेना. मी म्हटलं, तू काय करतेस आत्ता? ती म्हणाली, काही नाही. अगदी माझ्यासारखीच म्हणाली. मी फोन ठेवला नाही. मग हळूहळू ती सांगायला लागली. आई रात्रीतून तीनदा हाका मारतात. शाळेतून आल्यावर घरात कुणी बोलत नाही म्हणून ती रेडिओ लावते. तिचा पोळपाट मला दिल्यावर तिने घेतलेला नवा तिला अजूनही हाताला बसलेला नाही, त्यावर पीठ चिकटतं. पोळपाटावर कोरा कागद तसाच होता, त्यावर कोपर टेकून मी ऐकत राहिलो. शेवटी फोन तिनेच ठेवला, आईंना चहा द्यायचा होता.